वेतोबाची वाट लाकडात: जपानी पद्धतीचं ठसाचित्र घरी कसं करावं

आपल्याकडे चित्रांची वाटणी होऊन गेलेली आहे. देव कॅलेंडरावर, आणि माड, होडी, सूर्यास्त हॉटेलच्या भिंतीवर. दोघांची गाठ सहसा पडत नाही. आता कोकणात गोष्ट नसलेली जागा शोधायची म्हटलं तरी कठीण. हा कातळ पांडवांचा, त्या व्हाळावर कुणी दुपारचं जायचं नाही, या वडाखाली राखणदार. पण चित्र काढायला बसलं की आपण माड काढतो आणि राखणदाराला घरी ठेवतो.

जपानी ठसाचित्रकारांनी एकोणिसाव्या शतकात ही गाठ इतकी छान मारून ठेवली आहे की ती उलगडून बघताना मला अजून कंटाळा येत नाही. मी वेंगुर्ला तालुक्यात शाळेत चित्रकला शिकवते. वडील सुतार, त्यामुळे हातात पटाशी आधी आली आणि ब्रश नंतर. इथलं लाकूड, इथली खळ आणि इथली हवा घेऊन अशी चित्रं कशी छापायची, ते लिहिते आहे. लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापणं, शाळेत केलेलं असेल तर अर्धं काम तुम्हाला येतंच.

आधी थोडं बघा

एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथून क्योतोला जाणारा तोकाइदो नावाचा हमरस्ता साधारण 500 किलोमीटरचा होता आणि वाटेत मुक्कामाची 53 ठाणी होती. हिरोशिगे या ठसाचित्रकाराने 1833-34 च्या सुमारास या ठाण्यांची मालिका काढली आणि ती तुफान चालली. पुढे 1842 मध्ये सरकारने नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली. प्रकाशकांचं पोटच त्या चित्रांवर होतं. इतिहास, पुराण, दंतकथा यांना मात्र फारशी आडकाठी नव्हती. मग 1845-46 च्या आसपास हिरोशिगे, कुनियोशी आणि कुनिसादा या तिघा चित्रकारांनी मिळून तोकाइदोचीच नवी मालिका केली. एकेका ठाण्याला त्या जागेची एकेक गोष्ट जोडायची, आणि वरच्या बाजूला मजकूर. बंदीतून निघालेली पळवाट म्हणा हवं तर, पण पळवाटेतून फार चांगलं काम झालं.

त्यातलं कुवानाचं चित्र आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळेल. कुवानाला मिया या ठाण्याहून होडीने यावं लागे. ज्या दिवशी समुद्रात जायचं नाही असा रिवाज, त्याच दिवशी तोकुझो नावाचा खलाशी होडी काढतो. वादळ उठतं आणि लाटेतून उमिबोझू वर येतो. हे समुद्रातलं भूत. कुनियोशीने त्याचा नुसता काळा, गोल, प्रचंड आकार काढला आहे, त्यात दोन डोळे. भूत विचारतं, माझ्याहून भयंकर काही पाहिलं आहेस का? तोकुझो म्हणतो, संसार चालवणं याहून भयंकर. भूत नाहीसं होतं. नारळी पुनवेआधी होडी काढणाऱ्याला आमच्याकडच्या म्हाताऱ्या जे ऐकवतात त्यापेक्षा हे बरंच सौम्य आहे.

या चित्रकारांनी माणूस आणि जागा जोडण्याच्या तीन तऱ्हा वापरल्या, आणि तुम्हाला त्यांतली एक निवडायची आहे.

पहिली, पुढे मोठी आकृती आणि मागे देखावा. 1854 ते 1857 मध्ये हिरोशिगे आणि कुनिसादाने मिळून जी मालिका केली, तिच्यात मागचं ठिकाण हिरोशिगेचं आणि पुढची माणसं कुनिसादाची. दोन हात, एक कागद. दुसरी, गोष्ट मोठी काढायची आणि ठिकाण कोपऱ्यातल्या लहान चौकटीत बसवायचं. कुनियोशीने 1852-53 मध्ये किसोकाइदो या डोंगरातल्या रस्त्याच्या मालिकेत हे केलं. तिसरी तऱ्हा म्हणजे आकृती देखाव्याच्या आतच उभी करायची, कुवानासारखी. पहिल्या दोन सोप्या आहेत आणि म्हणूनच फसव्या आहेत. दोन वेगळी चित्रं शेजारी ठेवली की काम झालं असं वाटतं. मी तिसरीच सुचवेन.

तिसऱ्या तऱ्हेतलं माझ्या मते सगळ्यात शिकवणारं चित्र म्हणजे दाइमोत्सुच्या आखातावरचं कुनियोशीचं तीन पानी चित्र. योशित्सुने नावाचा सेनापती होडीतून चालला आहे. 1185 मध्ये दान-नो-उरा इथल्या समुद्री लढाईत त्याने ज्या ताइरा घराण्याचा नाश केला, त्यांची भुतं वादळ होऊन त्याच्यावर येतात. होडी, माणसं, लाटा सगळं काळ्या रेषेने नीट बांधलेलं. भुतं मात्र क्षितिजावर नुसत्या करड्या सावल्या. जे जिवंत त्याला रेष, जे जिवंत नाही त्याला फक्त रंग. पडद्यावर बघताना चित्र मोठं करून होडीकडून भुतांकडे हळूहळू सरका, रेष कुठे संपते ते दिसेल. हीच युक्ती आपण पुढे वापरणार आहोत.

आणखी एक. हिरोशिगेच्या पहिल्या मालिकेत निस्साकाचं चित्र आहे. उभा चढ, आणि रस्त्याच्या मधोमध एक मोठा दगड. वाटसरू थांबून त्याच्याकडे बघताहेत. तिथे एका गर्भार बाईचा खून झाला आणि तो दगड रात्री रडायचा, अशी गोष्ट. चित्रात बाई नाही, भूत नाही, खून नाही. फक्त दगड आणि बघणारी माणसं. भूत न काढताही चालतं, हे लक्षात ठेवा. बऱ्याचदा जास्तच चांगलं चालतं.

जागा, देव आणि मधला दुवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कोरायला लागल्यावर बदलता येत नाही.

जागेत एक अशी वस्तू हवी जी गोष्टीचीही आहे. निस्साकाला दगड आहे. फुजीजवळच्या मिहोच्या किनाऱ्यावर पाइनचं झाड आहे, ज्यावर अप्सरेने पिसांचं वस्त्र टांगलं आणि कोळ्याने ते उचललं. ती वस्तू म्हणजे दुवा. कच्चं चित्र झालं की परीक्षा घ्या. आकृतीवर हात ठेवून झाका. उरलेल्या देखाव्यात गोष्टीची काही खूण दिसते का? मग देखावा झाका. आकृती ही याच गावची आहे हे कळतं का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तुम्ही देखाव्यावर देव चिकटवला आहे. विद्यार्थी हमखास शिवाजी महाराज आणि सिंधुदुर्ग घेऊन येतात. महाराज पुढे, किल्ला मागे. हात ठेवून झाकायला सांगते आणि गप्प बसते.

मी निवडलेली जागा आरवली. शिरोड्याला लागून असलेलं गाव, तिथला देव वेतोबा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देवळात त्या मांडून ठेवलेल्या दिसतात. केळ्यांचे घडही वाहतात. दुवा शोधायला मला कुठे जावंच लागलं नाही. वहाण ही देवाची वस्तू, आणि वाट ही गावाची.

आत्येला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी देवाक इचार, मगे काय ता कर." कौल लावला. उजवा मिळाला. तुमच्या गावात तशी रीत असेल तर पाळा. नसेल तरी देवळातली मूर्ती जशीच्या तशी कोरू नये असं माझं मत आहे. मूर्ती देवळात आहेच. आपल्याला गोष्ट छापायची आहे.

तर चित्र असं. रात्र. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून वाट. डावीकडे कौलारू घर, खिडकीत एक दिवा. वाटेवर पाठमोरा माणूस, हातात कंदील. गडग्यालगत झिजलेली एक वहाण, माणसाच्या कमरेएवढी लांब. आणि माडांच्या मागे करड्या रंगात दोन पाय, वर कंबर, आणि त्याच्यावर आकृती काळोखात विरत गेलेली. चेहरा नाही. त्या माणसाने वर बघितलेलं नाही. त्याला बघायला लावू नका, नाहीतर चित्राचा सिनेमा होतो.

कागदावरचं रेखाटन

जपानी चित्रांचा नेहमीचा आकार, ज्याला ओबान म्हणतात, तो साधारण 38 बाय 25 सेंटीमीटर. पहिल्यांदा त्याच्या अर्ध्यावर या. पोस्टकार्डाएवढं मात्र करू नका. इतक्या लहान जागेत माडाच्या झावळ्या कोरताना डोळे जातात.

अंतिम रेखाटन पातळ कागदावर काळ्या शाईने करा, ट्रेसिंग पेपर किंवा पतंगाचा कागद चालतो. यात फक्त ज्यांना काळी रेष हवी तेच काढायचं: गडगे, घर, माणूस, कंदील, वहाण, माडांची खोडं. वेतोबा काढायचा नाही. त्याची वेगळ्या कागदावर नुसती कड आखून ठेवा. चित्रात गावाचं नाव किंवा दोन ओळी गोष्ट घालायची असेल तर तीही आत्ताच सुलट लिहा. हा कागद फळीवर पालथा चिकटणार, त्यामुळे अक्षरं आपोआप उलटतात. शिरोरेषा एकसंध आणि थोडी जाड ठेवा. बारीक शिरोरेषा छापताना आधी तुटते.

फळी

जपानात रानटी चेरीचं लाकूड वापरतात. कठीण, दाट, बारीक पोताचं. आपल्याकडे ते नाही, आणि त्याच्यासाठी अडून बसायची गरजही नाही. शिवण घ्या. नरम आहे, कोरायला गोड, आणि वाकत फार कमी. सागाचे रेशे उघडे असतात, सपाट रंगात ते रेघोट्यांसारखे उठतात. आंब्याची फळी स्वस्त, पण बारीक रेषेच्या कडेला तिचे तंतू सुटतात, आणि कीडही लवकर लागते. फणस सुंदर दिसतो, पण त्याची नस उलटसुलट. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवण मिळाली नाही तर चांगल्या चेहऱ्याचं प्लायवूड आणा, वरचा थर सलग आणि गाठी नसलेला बघून.

फळी झाडाच्या उभ्या नसेत कापलेली हवी, बुंध्याच्या आडव्या कापाची नको. जाडी 15-20 मिलिमीटर असली तर दोन्ही बाजू वापरता येतात. या चित्राला पाच पृष्ठं लागतील, म्हणजे तीन फळ्या पुरतात. रंधा मारून घ्या आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर. हाताला गुळगुळीत लागली म्हणजे सपाट झाली असं नाही. पोलादी पट्टी उभी ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघा.

कोरणं

फळीवर तांदळाची पातळ खळ एकसारखी लावा आणि रेखाटन पालथं चिकटवा. वाळलं की बोट किंचित ओलं करून कागदाची पाठ हलके चोळत सोलून काढा. पातळसा पापुद्रा उरला पाहिजे. त्यावर खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा. कागद पारदर्शक होतो आणि रेषा स्पष्ट दिसतात.

हत्यारं मोजकी पुरतात: एक तिरक्या पात्याची धारदार सुरी, दोन-तीन मापांच्या गोल पटाश्या आणि एक रुंद सपाट पटाशी. धारेचा दगड शेजारी ठेवा आणि हाताला जोर लावावासा वाटला की आधी धार लावा. बोथट हत्यारच हात कापतं. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे, पुढे कधीही नाही. मुलांबरोबर करत असाल तर फळी टेबलाला क्लॅम्पने आवळल्याशिवाय पटाशी हातात देऊ नका.

सुरी सरळ उभी धरू नका. रेषेच्या दोन्ही बाजूंनी ती बाहेरच्या अंगाला उतरती चालवा, म्हणजे रेष वर बारीक आणि पायाशी रुंद राहते. गडगा बांधताना पाया रुंद धरतात, तोच हिशेब. दोन्ही काप झाले की रेष तशीच ठेवून तिच्या बाहेरचं लाकूड गोल पटाशीने काढा. रेषेच्या जवळ खोली दोन-तीन मिलिमीटर पुरे, पण मोठी मोकळी जागा असेल तिथे जास्त खोल जा. कागद तिथे खाली बसतो आणि डाग उचलतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी लिनोकटमध्ये बहुतेकांनी केलेली नसते. कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून जपानी लोक फळीतच दोन खाचा कोरतात. त्यांना केंतो म्हणतात. फळी समोर ठेवल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी खाच, आणि खालच्याच कडेला डावीकडे एक सरळ खाच. चित्राच्या बाहेर सेंटीमीटरभर जागा सोडून. खोली मिलिमीटरभर, कागदाची कड टेकेल इतपत. खाचेची उभी भिंत अगदी सरळ आणि स्वच्छ हवी. या खाचा पहिल्या रेखाटनातच आखून घ्यायच्या, नंतर अंदाजाने नाही.

रेषेचा ठसा तयार झाला की तो पातळ कागदांवर काळ्या रंगात छापा, खाचांच्या खुणांसकट. जितके रंगाचे ठसे, तितके कागद. एकेका कागदावर एकेका रंगाची जागा रंगवा आणि तो कागद पुढच्या फळीवर पालथा चिकटवून कोरा. खाचा प्रत्येक फळीवर त्या खुणांवरून येतात, म्हणून रंग रेषेत बसतो. माझी विभागणी अशी होती: रेषेचा काळा, कंदील-खिडकीचा पिवळा आणि चिऱ्याचा तांबडा एकाच पृष्ठावर कारण ते एकमेकांपासून दूर आहेत, झाडांचा काळपट हिरवा, रात्रीचा निळा, आणि वेतोबाचा करडा. वेतोबाची कड आखलेला कागद रेषेच्या छापावर ठेवून त्याची जागा ठरवा आणि मगच कोरा. त्याची कड थोडी अनिश्चित ठेवा, कमरेच्या वर तर फळी अगदी सपाट सोडा. तो कुठे संपतो हे रंग ठरवेल.

खळ, रंग, ब्रश, कागद

जपानी छपाईत तेलाची शाई नाही. पाण्यात मिसळलेला रंग आणि तांदळाची खळ. एक चमचा तांदळाचं पीठ, सात-आठ चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत. लवंगेच्या तेलाचा थेंब टाकला तर एखादा दिवस जास्त टिकते, पण आमच्या हवेत रोज ताजी करणं उत्तम. रंग म्हणून ट्यूबमधले जलरंग घ्या. निळा प्रशियन ब्लूच. हा युरोपातून आलेला रंग जपानात 1830 च्या सुमारास भरपूर वापरात आला आणि होकुसाई या चित्रकाराच्या फुजी डोंगराच्या मालिकेने तो गाजवला. रात्र आणि समुद्र या दोन्हींना त्याच्यासारखा दुसरा निळा नाही. कोबाल्ट लावून बघा, रात्रीची सकाळ होते.

ब्रश म्हणून बुटांचा नवा ब्रश चालतो. केसांची टोकं जाड असतात, ती मऊ करावी लागतात. तव्यावर टोकं किंचित भाजून खरखरीत पृष्ठभागावर घासायची. जपानी कारागीर यासाठी शार्कचं कातडं वापरतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण मोरीचं (शार्कला आमच्याकडे मोरी म्हणतात) कातडं आमच्या बाजारात फुकट मिळतं. साफ करून फळीला खिळ्यांनी ताणून, उन्हात वाळवून घ्या. पहिले दोन दिवस शेजारी बोलतील. नसेल जमत तर पॉलिश पेपरही चालतो.

कागदाला मागून घासण्यासाठी जी चकती लागते तिला बारेन म्हणतात. आत पिळाच्या दोरीची गुंडाळी आणि वरून बांबूच्या खोडावरचं सोपट. विकत घेतलं तर महाग पडतं. मी सावंतवाडीच्या चितारआळीतून हाताच्या पंजाएवढी लाकडी चकती कातून आणली, तिच्यावर सुती दोरी गोल गोल चिकटवली आणि वरून घट्ट विणीचं कापड बांधलं. सुरुवातीला मोठ्या डावाची पाठही चालते, फक्त सपाट रंगात त्याचे ओरखडे दिसतात.

कागद पातळ पण चिवट हवा. नेपाळी लोक्ता मिळतो आणि तो उत्तम. तो पाणी फार पितो, म्हणून पातळ सरसात चिमूटभर तुरटी घालून दोन्ही बाजूंनी हलका हात द्या आणि वाळवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच जिरला नाही तर जमलं. पुण्याचा हातकागद वापरायचा तर त्यातला सगळ्यात पातळ घ्या.

हवेचं गणित

आपल्या हवेचं हे गणित परदेशी माहितीत सहसा सापडत नाही, म्हणून नीट वाचा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, आणि ते आडव्या अंगाला फुगतं, उभ्या नसेत जवळजवळ नाही. म्हणजे मे महिन्यात कोरलेली फळी जुलैत छापली तर खाचा आणि रेष यांचं नातं बदललेलं असतं. काही फळ्या जास्त फुगतात, काही कमी. मग वेतोबा घरावर चढतो. कोरणं आणि छापणं एकाच हवेत उरका, आणि सगळ्या फळ्यांची नस एकाच दिशेने ठेवा. मला दसरा ते दिवाळी हा काळ बरा वाटतो. हवेत ओल असते, त्यामुळे फळीवरचा रंग झटकन वाळत नाही, आणि कागदाला बुरशीही धरत नाही. एप्रिल-मेच्या खाऱ्या वाऱ्यात रंग ब्रशच्या मागोमाग सुकतो. तेव्हा छापायचंच असेल तर पहाटे, दारं-खिडक्या लावून.

छापणं

आदल्या रात्री कागद ओलवा. एक ओला वर्तमानपत्राचा कोरा कागद, दोन छपाईचे, पुन्हा एक ओला, असा गठ्ठा रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवा. सकाळी कागद थंड आणि लवचीक लागला पाहिजे, पाणी चमकता कामा नये. छपाई संपेपर्यंत तो तसाच ओला राहायला हवा. मध्ये वाळला तर आकसतो आणि पुढचा रंग सरकतो. म्हणून सगळे रंग सलग छापा, पहिल्या वेळी दहा-बारा प्रतींच्या पुढे जाऊ नका.

फळी ओल्या फडक्याने पुसा. रंगाचे थोडे थेंब, शेजारी वाटाण्याएवढी खळ, आणि ब्रशने दोन्ही फळीवरच गोल गोल मिसळत शेवटी नसेच्या दिशेने एक हात. खळ कमी पडली तर रंग दाणेदार येतो, जास्त झाली तर रेषेच्या कडेला जमतो. कागदाचा उजवा कोपरा आधी काटकोनी खाचेत टेकवा, मग डावी कड सरळ खाचेला, आणि हात सोडा. बारेन आतून बाहेर, खांद्याच्या जोराने.

आधी काळी रेष, मग पिवळा-तांबडा, मग हिरवा. हे तिन्ही सरळ आहेत.

निळ्याला मात्र वेळ द्या. इथे बोकाशी करायची आहे, म्हणजे रंग गडदापासून फिक्यापर्यंत विरवायचा. फळी नेहमीपेक्षा जास्त ओली करा. ब्रशच्या एकाच बाजूला रंग घ्या, दुसरी बाजू नुसती ओली. चित्राच्या वरच्या कडेवर रंगाची बाजू ठेवून आडवा हात मारत हळूहळू किंचित खाली या. रंग आपोआप पातळ होत जातो. एका छापात रात्र होत नाही. आधी एक फिका निळा संपूर्ण आभाळावर, मग वरच्या अर्ध्यावर बोकाशी, मग अगदी वरच्या पट्टीत आणखी एक, जवळजवळ काळी. हिरोशिगेच्या चित्रांत आभाळाच्या माथ्यावर गडद आडवी पट्टी दिसते ती हीच. प्रत्येक प्रतीत ती थोडी वेगळी येते. येऊ द्या.

शेवटी वेतोबा. काळ्यात थोडा निळा आणि भरपूर पाणी, खळ जरा जास्त, म्हणजे रंग पारदर्शक राहतो. याचीही बोकाशी, पण उलटी: पायाशी रंग, वर जाताना नुसतं पाणी. खाली आभाळ फिकं आहे म्हणून पाय स्पष्ट दिसतात, वर आभाळ गडद आहे आणि वेतोबाचा रंग संपलेला, म्हणून तो काळोखात मिळून जातो. कंबर नक्की कुठे विरते ते हातावर आहे. माझ्या काही प्रतींत तो माडाच्या शेंड्यापर्यंत दिसतो, काहींत गुडघ्यांवरच थांबतो. एका विद्यार्थिनीला गुडघ्यापर्यंतचाच आवडला. मलाही.

प्रती दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, मध्ये कोरे कागद घालून, हलक्या वजनाखाली वाळवा आणि कागद रोज बदला. दोरीवर टांगल्या तर चुरमडतात. फळ्या नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको, आणि सावलीत उभ्या ठेवा, मध्ये काड्या घालून. भिंतीला टेकवू नका. वाळवीला शिवण आवडते.

पुढची चित्रं

लोक लगेच परशुरामाकडे वळतात. त्याने बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं. गोष्ट मोठी आहे हीच तिची अडचण. सगळा किनाराच तिची जागा, त्यामुळे दुवा सापडत नाही आणि धनुष्य ताणलेला कॅलेंडरातला परशुराम तयार होतो. करायचंच असेल तर एक जागा धरा. चिपळूणजवळ परशुरामाच्या देवळाच्या डोंगरावरून खाली वाशिष्ठीचं खोरं दिसतं. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हाची वेळ घ्या. पुढे ओल्या गाळात अडकलेल्या होड्या आणि तडफडणारे मासे, मागे पाठ फिरवून चाललेला समुद्र. परशुराम काढलाच तर डोंगराच्या कडेवर नखाएवढा, रेषेशिवाय. इथे बोकाशी आभाळाला नको, गाळाला हवी: पायाशी ओला तपकिरी, समुद्राकडे जाताना फिका. त्याला चार पृष्ठं पुरतात, म्हणजे दोनच फळ्या.